तगर, तेर आणि मिरची : शब्दाच्या साक्षीची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे फार मोठे नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास येते, असा उल्लेख आहे. हे तगर म्हणजेच तेर होय, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेली मातीची पदके आणि पाँपेई येथील मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेर येथे सापडल्याने रोमशी असलेल्या संबंधास पुष्टी मिळाली.

भाषेची साक्षही या मतास अनुकूल आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोप पावतो. ‘नगर’चे ‘नयर’ व पुढे संगमनेर, अमळनेर यांतील ‘नेर’ झाले. त्याच क्रमाने ‘तगर’चे ‘तयर’ व ‘तेर’ होते. येथे ध्वनी पालटले, पण वस्तू तीच राहिली.

अन्नवाचक शब्दांविषयी मात्र सावध राहावे लागते. तेरच्या परिसरात आज भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा व शेंगदाण्याची चटणी असते. परंतु मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकापूर्वी ती या देशात नव्हती. ‘मिरची’ हा शब्द मात्र संस्कृत ‘मरिच’, म्हणजे काळी मिरी, याच्याशी जोडलेला आहे. नव्या तिखटास जुन्या तिखटाचे नाव मिळाले.

रोममध्येही असेच घडले होते. ‘पिप्पली’ या शब्दापासून ग्रीक ‘पेपेरी’ व लॅटिन ‘पिपेर’ हे शब्द आले. पण पिंपळीचे हे नाव तेथे काळ्या मिरीसही लागले. प्लिनी पिंपळीचा भाव पौंडास १५ दीनार व काळ्या मिरीचा ४ दीनार देतो. दोहोंस एकच नाव असले, तरी व्यापाऱ्यांच्या लेखी त्या भिन्न वस्तू होत्या, हे यावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, शब्दाचे वय हे वस्तूचे वय नव्हे. स्थलनामाच्या बाबतीत ध्वनिनियमास उत्खननाचा आधार मिळाला, म्हणूनच तगर आणि तेर यांचे ऐक्य ग्राह्य ठरते. खाद्यपदार्थांचा इतिहास लिहितानाही व्युत्पत्तीला वनस्पतिशास्त्र व पुरातत्त्व यांची जोड हवी. अन्यथा सातवाहनकालीन ताटात मिरचीचा ठेचा वाढला जाण्याचा धोका आहे.