रत्नागिरीचे वैभव आणि बंद घरे

कोकणचा मनुष्य भेटला की संभाषण आंब्यावरून गणपतीवर येते आणि ‘घर काय, आता बंदच असते’ या वाक्यापाशी थांबते. रत्नागिरी जिल्ह्याच्या सांपत्तिक स्थितीचा विचार याच वाक्यापासून आरंभावा, असे आम्हांस वाटते.

जिल्हा दरिद्री आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु निसर्गाने त्यास काय कमी दिले आहे? वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. हापूस, काजू, नारळ, सुपारी, कोकम. मिरकरवाड्यासारखे मासळीचे बंदर. १९७२ साली दापोलीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि २०१८ साली शेजारच्या जिल्ह्यांसह येथील हापुसास भौगोलिक मानांकन लाभले.

तरीही २००१ साली सुमारे १६ लक्ष ९७ हजार असलेली लोकसंख्या २०११ साली १६ लक्ष १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया आढळल्या. कर्ता पुरुष मुंबईस आणि घर स्त्रीच्या माथी, हा जुना परिपाठ त्यात स्पष्ट दिसतो. पूर्वी मनीऑर्डरीची वाट पाहत. आज पैसे बँकेत येतात, एवढाच भेद.

कारणे अनेक आहेत. पावसाचे पाणी समुद्रास मिळते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. हापूस एक वर्ष भरभरून देतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. पेटी वाशीच्या बाजारात गेली की तिचा भाव बागाइतदाराच्या हाती राहत नाही. काजूची बी विकली जाते, पण बोंडे बहुतांशी झाडाखालीच कुजतात. ३ जून २०२० च्या वादळाने दापोली-मंडणगडकडील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. आणि नवी पोफळ लावल्यावर पहिल्या फळासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागते.

परंतु ज्याचा दोष निसर्गावर ढकलता येत नाही, असे एक कारण आमच्या वाचकांच्या घरात आहे. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदारांची नावे असतात. कोणी पुण्यास, कोणी ठाण्यास, कोणी परदेशी. गावी राहिलेल्या एखाद्या चुलतभावास विहीर खणावयाची असते, कलमे लावावयाची असतात. कर्जासाठी तो सर्वांच्या संमतीची वाट पाहतो. कोणी उत्तर देत नाही, कोणी शंका घेतो. जमीन कसवत नाही आणि सोडवतही नाही, अशा स्थितीत वर्षे जातात, माळावर रान माजते आणि अखेर तोही मुंबईची गाडी धरतो.

वडिलोपार्जित भूमीविषयीचे ममत्व आम्ही जाणतो. ते सोडा असे आम्ही सांगत नाही. मात्र येत्या मे महिन्यात मुलाबाळांसह गावी जाल, तेव्हा एक सायंकाळ ओटीवर सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसावे. वाटणी करावी, अथवा कसणाऱ्यास रीतसर लेखी करार करून द्यावा. सरकारने करावयाची कामे पुष्कळ आहेत. हे एक मात्र कुटुंबानेच करावयाचे आहे.