पांढरी साडी कोणाची? आपल्या सगळ्यांची!



एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तरी आपल्या गटांच्या बैठकीत पांढऱ्या कपड्यातली बाई क्वचितच दिसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पांढरं कशाले घालू वो ताई? लोक काय म्हनतीन?" म्हणून या महिन्यात पांढऱ्या रंगाबद्दलच बोलू.

पांढरा म्हणजे दुःखाचा रंग का?

ही समजूत सगळीकडे सारखी नाही. आपल्याच महाराष्ट्रात पूर्वी काही समाजांत विधवेला लाल आलवण नेसावं लागे. म्हणजे तिथे बंधन लाल रंगाचं होतं. केरळात ओणमच्या सणाला बाया सोनेरी काठाची सायीच्या रंगाची साडी हौसेने नेसतात. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती नवरी पांढऱ्या कपड्यात लग्न लावते. आणि आपल्या विदर्भात तर दूर जायलाच नको. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसं पांढऱ्या वस्त्रांत आली होती. आजही बुद्ध पौर्णिमेला, 14 एप्रिलला बौद्ध भगिनी पांढऱ्या साड्या नेसून अभिमानाने निघतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरीही पांढरे कपडे घालतात.

म्हणजे रंग तोच, पण त्याचा अर्थ माणसांनी ठरवलेला. मग तो माणसांना बदलताही येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ते केलं. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे थांबवायचं ठरलं. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

यातली गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. नवरा गेलेल्या ताईला रंगीत नेसावंसं वाटलं तर तिला कोणी अडवू नये. आणि सवाष्णीला पांढरं आवडलं तर तिलाही टोकू नये.

प्रत्येक मोसमात कसं घालावं?

उन्हाळा: पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा रंग ऊन शोषून घेतो. त्यातही सुती आणि सैल कपडा घ्या, घाम लवकर वाळतो. शेतात जाताना डोक्याला पांढरा सुती रुमाल किंवा दुपट्टा बांधा.

पावसाळा: आपली काळी माती पांढऱ्याला सोडत नाही. म्हणून खालचा काठ किंवा सलवार गडद रंगाची आणि कुर्ता पांढरा ठेवा. ओला पातळ पांढरा कपडा आरपार दिसतो, त्यामुळे कापड जरा जाड घ्या.

हिवाळा: जाड खादी किंवा सायीच्या रंगाची शाल घ्या. मरून, मोरपंखी, गडद हिरव्या ब्लाउजवर पांढरी साडी उठून दिसते.

कोणता पांढरा निवडावा?

पांढऱ्यातही प्रकार आहेत. शुभ्र पांढरा, मोतिया, सायीचा, आणि न धुतलेल्या कोऱ्या कापडाचा पिवळसर. आपल्या शेतातल्या कापसाचा मूळ रंगही थोडा पिवळसरच असतो, कापड शुभ्र करतात ते कारखान्यात.

जठारपेठेत किंवा गावच्या बाजारात साडी घ्याल तेव्हा ट्यूबलाइटखाली ठरवू नका. साडी दुकानाच्या दारात, उजेडात न्या. शुभ्र आणि सायीचा असे दोन्ही पदर आळीपाळीने चेहऱ्याजवळ धरा. ज्या रंगात आधी चेहरा दिसतो आणि मग कापड, तो तुमचा रंग. सावळ्या बाईला पांढरं शोभत नाही, हे साफ चूक आहे. उलट सावळ्या रंगावर शुभ्र पांढरं छान खुलतं. मनात शंका असेल तर रंगीत काठाची पांढरी साडी घ्या.

पांढरं पांढरं कसं राहील?

- पांढरे कपडे वेगळे भिजवा.
- हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळवा, डाग फिका पडत जातो.
- रक्ताचा डाग गार पाण्यातच धुवा. गरम पाण्याने तो पक्का होतो.
- बोअरच्या पाण्यातल्या लोहामुळे पिवळे डाग पडले तर ब्लिचिंग पावडर टाकू नका, डाग वाढतो. लिंबू आणि मीठ चोळून थोडा वेळ ठेवा आणि धुवा.
- नीळ आधी पाण्यात नीट विरघळवा, मग कपडा बुडवा. नाहीतर निळे पट्टे पडतात.

येत्या बैठकीसाठी

दहा मिनिटं या विषयाला द्या. गटातल्या कोणत्या ताईला कपड्यांवरून, कुंकवावरून बोलणी खावी लागतात, ते तिला मोकळेपणी सांगू द्या. हळदी-कुंकवाला आपल्या विधवा मैत्रिणींना बोलवायचं की नाही, यावर गटाचा ठराव इतिवृत्तात लिहा. ग्रामसभेत हेरवाडसारखा विषय मांडायचा असेल तर चार-पाच गटांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्या बाईला गप्प बसवता येते, पण गटांचा अर्ज आला की ग्रामसभेला तो ऐकावा लागतो.

— तुमची क्षेत्र समन्वयक