त्वरण कसं मोजतात, आणि कोयनेच्या नोंदीनं काय शिकवलं

एसटी सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगानं चालली असेल, तर डोळे मिटल्यावर तो वेग जाणवतही नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की मात्र आपण पुढच्या सीटवर आदळतो. जाणवतो तो वेग नव्हे, वेगातला बदल. दर सेकंदाला वेग कितीनं बदलतो, त्याला त्वरण म्हणतात. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल. म्हणून भूकंपात बांधकाम टिकेल का, हे ठरवताना इंजिनिअर आधी त्वरण विचारतो.

ते मोजायचं कसं? तत्त्व एसटीतलंच. पेटीत स्प्रिंगला एक वजन अडकवा. पेटी झटक्यानं हलली की वजन जडत्वामुळे मागं राहतं आणि स्प्रिंग ताणली जाते. किती ताणली, त्यावरून त्वरण कळतं. तुमच्या मोबाइलमध्येही हेच आहे. फक्त तिथं वजन आणि स्प्रिंग दोन्ही सिलिकॉनची आणि अगदी चिमुकली असतात. फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते, ती यामुळेच.

आता कोयनेकडे येऊ. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगरची घरं कोसळली, सुमारे 180 माणसं गेली. धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरण नोंदवणारं यंत्र होतं. त्याच्या नोंदीत धरणाच्या लांबीच्या दिशेनं 0.63 जी आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं 0.49 जी इतकं कमाल त्वरण मिळालं. एक जी म्हणजे गुरुत्वत्वरण, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि धरणाचं डिझाइन केलं होतं 0.05 जी धरून!

मग धरण फुटलं कसं नाही? कारण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. डिझाइनमध्ये 0.05 जी हा सतत लावलेला स्थिर रेटा धरला होता. प्रत्यक्षातला धक्का सेकंदाच्या काही अंशापुरता आला आणि लगेच उलट फिरला. तरीही उंच भागांत, माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली, जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो, तिथं आडव्या भेगा पडल्या.

जुन्या हिशेबात सगळं धरण एकसंध, न वाकणारं मानलं होतं. खरं तर वरचा भाग जास्त डोलतो. बर्कलीच्या अनिल चोप्रा यांनी सहकाऱ्यासह हीच नोंद वापरून गणित केलं, तेव्हा काँक्रीटला न पेलणारा ताण नेमका त्या जागी निघाला. पुढं धरणाला मागून आधारभिंती देऊन बळकट केलं. नवी गणिती पद्धत तपासायला जगभरचे अभियंते आजही कोयनेचंच उदाहरण घेतात.

बातमीत येणारा रिश्टरचा आकडा अख्ख्या भूकंपासाठी एकच असतो. आपल्या पायाखालची जमीन किती जोरानं हलली, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्या जागी, भूकंपाच्या आधीच, चालू यंत्र असावं लागतं. कोयनेत ते होतं.