बंदी संपण्याआधी वाड्यावरची मुलं मोजूया



1 जून ते 31 जुलै बंदी. होड्या वर काढल्या, जाळी शिवणं चालू आहे. हे दोन महिने घरचा पुरुष माणूस घरी, त्यामुळे लहान मुलांवर लक्ष राहतं. ऑगस्ट लागला की पहाटे बाप दर्यात, आई लिलावाला. तीन-चार वर्षांचं मूल मग आजीजवळ, नाहीतर जेटीवर खोक्यांच्या मध्ये.

ही मुलं हुशार नाहीत असं कोण म्हणेल? बांगडे वेगळे, तारले वेगळे, मोठे इकडे, बारीक तिकडे, हे ती बघून बघून शिकतात. बालवाडीतही सुरुवात अशीच होते. फक्त तिथे गाणी, गोष्टी, रंग, आकडे असतात आणि शिकवायला बाई असते. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय. 2030 पर्यंत प्रत्येक मुलाला हे शिक्षण मिळावं, असंही त्यात आहे.

पण एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क 6 ते 14 वर्षांच्या मुलांनाच आहे. सहाच्या आतल्यांसाठी घटनेच्या 45 व्या कलमात सरकारला सांगितलंय, की प्रयत्न करा. म्हणून आपण गप्प बसलो तर काम मागे पडतं. पैसेवाला केजीची फी भरतो, खलाशाचं मूल घरी राहतं.

मागायचं काय? अंगणवाडी 1975 पासून आहे. तिथे नुसता आहार नाही, 2023 च्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमाप्रमाणे रोज निदान दोन तास शिकवायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 ला आदेश दिला, की गावातल्या किंवा झोपडपट्टीतल्या ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. शिवाय केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं तिथे राहू शकतात. मासळी विकणाऱ्या आईला खरी गरज याचीच आहे.

तेव्हा आधी मोजूया. सोसायटीच्या ऑफिसात वही ठेवली आहे. मुलाचं नाव, वय आणि अंगणवाडीत जातं की नाही, एवढंच लिहा. बोटमालकांनी बाहेरून आलेल्या खलाशांची मुलंही लिहावीत, ती आपल्याच वाड्यावर राहतात. जिथे अंगणवाडी आहे तिथे रोज दोन तास शिकवणं होतं का, तेही सांगा. यादी झाली की पंचायत आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आम्ही लेखी अर्ज देऊ. सोबत आयाही याव्यात.

डिझेलच्या सबसिडीसाठी आपण ऑफिसात दहा खेपा मारतो. मुलांसाठी एक तरी मारूया.

— सचिव, आपली सोसायटी