कठड्यावरील नावे

मोक्षाची साधना ज्याची त्याने एकट्याने करावयाची असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. अध्यात्म म्हटले की गुहेतील तपस्वीच डोळ्यांपुढे येतो.

भोपाळच्या दक्षिणेस असलेले मंडीदीप आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. ते ज्या रायसेन जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात भोपाळच्या ईशान्येस सांचीची टेकडी आहे. तेथील दगड या समजुतीला निराळेच उत्तर देतात.

सांचीचा महास्तूप मूळ अशोकाच्या काळचा. परंतु पुढे त्याभोवती जो दगडी कठडा उभा राहिला, तो अनेकांच्या वर्गणीतून. तेथील सहाशेंहून अधिक लहान लेखांत दात्यांची नावे आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवा दगड. त्यांत भिक्षू व भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, उज्जयिनीची माणसे आहेत. कोठे सबंध गावच दाता आहे. दक्षिण तोरणावरील एक कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांचे असल्याचे तेथेच लिहिलेले आढळते. या लेखांच्या शेवटी वारंवार येणाऱ्या ‘दानं’ या शब्दावरूनच १८३७ साली प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपीची किल्ली गवसली, हे जाता जाता सांगावयास हवे.

भिक्षू तरी एकटा कोठे होता? त्याचे अन्न गावाच्या भिक्षेतून येई. अमावास्येस व पौर्णिमेस सारे एकत्र जमून नियमांचे पठन करीत, आणि ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो सांगावा, अशी रीत होती. वर्षावास संपला की प्रत्येकाने संघाला विनवावयाचे : माझे काही चुकलेले पाहिले असेल, ऐकले असेल वा नुसती शंका आली असेल, तरी सांगा. आपले दोष आपणांस दिसत नाहीत, हे पुरते ओळखूनच ही रीत घातलेली दिसते. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी तारुण्यात गुहेतील एकांत अनुभवला आणि पुढे मठवासीयांसाठी नियमावली रचली. मठातील सहवासात दीर्घकाळ कसोटीस उतरलेला, तोच खरा एकांतवासी, असे तीही मानते.

अर्थात चार माणसे जमली की कलह आलाच. सांचीच्या भग्न स्तंभावर अशोकाची त्याविषयीची आज्ञा आहे. जो भिक्षू किंवा जी भिक्षुणी संघात फूट पाडील, त्यांस गृहस्थांची पांढरी वस्त्रे नेसवावीत आणि वेगळ्या जागी राहावयास लावावे, एवढीच शिक्षा तीत सांगितली आहे.