घोडा घेतला, चिलखताचे पैसे वेगळे

नालासाठी घोडा घेणारे महाभाग आपल्याला ठाऊक आहेत. व्हिडिओ गेमच्या बाजारात याच्या उलट प्रकार घडला. 'ऑब्लिव्हियन' या खेळातल्या घोड्यासाठी २००६ साली बेथेस्डा कंपनीने चिलखत विकायला काढले. घोडा पडद्यावरचा, चिलखतही पडद्यावरचेच. किंमत मात्र खरीखुरी, अडीच डॉलर! गिऱ्हाइकांनी यथेच्छ टिंगल केली आणि पुष्कळांनी ते विकतही घेतले. दुकानदाराने टिंगल कानाआड केली, गल्ला तेवढा मोजला.

ती किंमतही डॉलरमध्ये लिहिलेली नव्हती. २०० 'पॉइंट' अशी होती. ८० पॉइंटांचा एक डॉलर. बँकेत हयात घालवलेल्या माणसाची नजर इथेच अडते. आधी पैसे मोजून खेळातली नाणी घ्यायची, मग त्या नाण्यांनी वस्तू घ्यायची. पुष्कळ खेळांत नाण्यांच्या थैल्या अशा बेतलेल्या असतात, की खरेदीनंतर चार नाणी उरावीतच. ही उरलेली नाणी म्हणजे व्याज नाही आणि परतही मिळत नाही अशी ठेव! कोणत्या बँकेने अशी ठेव मागितली, तर आपण दारात तरी उभे राहू का?

पुढे 'लूट बॉक्स' आले. पैसे भरून पेटी उघडायची. आत काय निघेल ते नशीब. नोव्हेंबर २०१७मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा ६० डॉलरांचा खेळ बाजारात येत होता. त्यात डार्थ व्हेडर मिळवायला ६०,००० क्रेडिट लागणार होती. खेळाडूंनी हिशेब मांडला, तो सुमारे ४० तासांच्या खेळाचा निघाला. संताप उसळला. ईए कंपनीने क्रेडिट ७५ टक्क्यांनी उतरवली आणि विक्रीच्या आदल्या संध्याकाळी खेळातली पैशांची खरेदीच तात्पुरती बंद केली. एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या नियामकाने काही खेळांतल्या अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले.

म्हणजे गिऱ्हाइकाने मनावर घेतले, तर बाजार नमतो. मग सगळे खापर त्याच्याच माथी फोडायचे काय? समोर बसलेले गिऱ्हाईक दहा वर्षांचे असले तर? 'फोर्टनाइट' खेळायला फुकट. पण चुकून एक बटण दाबले गेले, तरी खरेदी होत असे. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एपिक कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले. आपल्याकडे अल्पवयीनाशी केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो. कर्जाच्या कागदावर पोराची सही चालत नाही. पडद्यावरचे त्याचे बोट मात्र चालते!

कायदा आपल्या गतीने येईल. तोवर घरातले चार नियम आपल्या हाती आहेत. मुलाच्या फोनमध्ये कार्ड साठवू नये. नाण्यांचा भाव आधी रुपयांत मांडून त्याला दाखवावा. खरेदी आज मागितली, तर उद्या करावी. आणि जी रीत आपल्याला लबाडीची वाटते, तिच्यावर एक रुपयाही खर्चू नये. शिव्या देऊन पैसे मोजणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फार आवडते.