शाळेतील दातांच्या दुखापती आणि शिक्षकांचे पहिले कर्तव्य

मधल्या सुट्टीत मुले लंगडी किंवा शिवाशिवी खेळत असतात. एखादा मुलगा पळता पळता पडतो, त्याचे तोंड ओट्याच्या दगडावर आपटते आणि पुढचा एक दात मुळासकट निखळून मातीत पडतो. मुलगा रडू लागतो, सोबती घाबरतात. कोणी त्याचे तोंड धुते, कोणी घरी निरोप धाडते. दाताकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पडलेला दात कौलांवर फेकण्याची मुलांची जुनी रीत आहे. त्या रीतीने तोही फेकला जातो. तो दुधाचा असेल तर काही बिघडत नाही. पण तो पक्का दात असेल तर जन्मभराचा दात आपण हाताने फेकून दिला, असे होते. दंतवैद्य गावापासून दूर असतो. म्हणून अशा प्रसंगी पहिल्या अर्ध्या तासात जे घडते, त्यावर दाताचे भवितव्य अवलंबून असते आणि हा अर्धा तास बहुधा शिक्षकांच्या हाती असतो.

दुधाचा दात की पक्का दात?

दुधाचे दात 20 असतात. सुमारे सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात. खालचे पुढचे पक्के दात सहाव्या-सातव्या वर्षी व वरचे सातव्या-आठव्या वर्षी येतात. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात एकाच मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात असू शकतात. दुधाचा दात लहान व अधिक पांढरा असतो. पक्का दात रुंद, किंचित पिवळसर असतो व नवा असताना त्याची कड करवतीसारखी दातेरी दिसते. तिसरी-चौथीतल्या मुलाचा वरचा पुढचा दात निखळला, तर तो बहुधा पक्काच असतो. दुधाचा दात खोबणीत पुन्हा बसवू नये. त्याच्यामागे वाढत असलेल्या पक्क्या दाताला त्यामुळे इजा होऊ शकते. शंका असेल तर दात बसवू नये, पण दुधात ठेवून सोबत न्यावा.

पक्का दात निखळल्यास

प्रथम मुलाकडे पाहावे, नंतर दाताकडे. मूल बेशुद्ध झाले असेल, त्याला उलटी होत असेल, ते गोंधळून बोलत असेल किंवा जबडा वाकडा दिसत असेल, तर दाताचा विचार बाजूला ठेवून त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

मूल सावध असेल तर दात शोधावा. तो उचलताना हिरडीबाहेर दिसणारा पांढरा भागच धरावा. मुळास बोट लावू नये. मुळाभोवती अतिशय नाजूक तंतूंचे आवरण असते. या आवरणातील पेशी जिवंत असतील तरच दात हाडाशी पुन्हा नीट जुळतो. त्या कोरड्या पडल्या की मरू लागतात आणि तासाभरात बहुतेक नष्ट होतात. म्हणून दात रुमालात किंवा कागदात गुंडाळून खिशात ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. तो पुसणे, घासणे, साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे हेही तितकेच घातक आहे.

दातास माती लागली असेल तर तो दुधाने हलकेच धुवावा. दूध नसल्यास स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा सेकंद धरावा, अधिक नाही. त्यानंतर शक्य असेल तर तो लगेच खोबणीत बसवावा. फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे ठेवून हलक्या दाबाने तो सरकवावा. मग घडी केलेला स्वच्छ रुमाल मुलास दातांखाली धरण्यास सांगावा. शेजारच्या दातांच्या ओळीत दात आला म्हणजे पुरे. जोर लावू नये.

हे धैर्य होत नसेल किंवा मूल फार घाबरले असेल, तर दात थंड, साखर न घातलेल्या दुधात ठेवावा. तापवून निवलेले दूधही चालते. दूध मिळेपर्यंत मुलाची थुंकी वाटीत घेऊन त्यात दात बुडवावा. लहान मुलास तो गालात धरावयास सांगू नये, गिळला जाण्याचे भय असते. साध्या पाण्यात दात फार वेळ ठेवणे चांगले नाही, पण कोरडा ठेवण्यापेक्षा ते बरे.

यानंतर विलंब न करता दंतवैद्य गाठावा. तेथे दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. प्रत्येक दात वाचतोच असे नाही. तरीही काही वर्षे टिकलेला दात त्या जागेचे हाड राखतो. हाडात रोवण्याचा कृत्रिम दात मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत बसवता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे दुधाच्या त्या वाटीचे मोल कळून येईल.

दात तुटल्यास किंवा हलल्यास

तुटलेला तुकडा सापडल्यास दुधात किंवा पाण्यात ठेवून सोबत द्यावा; पुष्कळदा तो पुन्हा चिकटवता येतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर दाताचा गाभा उघडा पडला आहे असे समजून त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवावे. हललेला दात ओढून काढू नये. दात किंवा तुकडा कोठेच सापडत नाही आणि मुलास खोकला येतो किंवा श्वासात घरघर होते, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रुग्णालयात तातडीने न्यावे.

रक्तस्राव

ओठ किंवा जीभ चावली गेल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावी. दर मिनिटास उचलून पाहू नये. बाहेरून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. जखमेत हळद, चहापूड किंवा तंबाखू भरू नये. रक्त तरीही थांबत नसेल किंवा जखम फाकलेली असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे.

दाढदुखी व सूज

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरावयास लावाव्यात. अडकलेला अन्नाचा कण स्वच्छ दोऱ्याने काढावा. मिश्री, तंबाखू, रॉकेल किंवा ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरू देऊ नये. हिरडी भाजते आणि दुखण्याचे मूळ तसेच राहते. लवंगेचे तेल क्षणभर आराम देते, पण जास्त लागल्यास हिरडी पोळते व पोटात गेल्यास लहान मुलास अपाय होतो. शाळेत ते वापरू नये. सुजेवर गरम शेक देऊ नये.

गालावरील सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरणे, ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास अथवा श्वास घेण्यास त्रास होणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा मुलास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे.

शाळेची तयारी

प्रथमोपचाराच्या पेटीत धुतलेल्या कापडाच्या घड्या, झाकणाची स्वच्छ डबी व मिठाची पुडी ठेवावी. दूध कोणत्या घरी तत्काळ मिळेल व जवळचा दंतवैद्य कोणत्या गावी, कोणत्या दिवशी बसतो, याची नोंद भिंतीवर लावावी. मुलासोबत एक चिठ्ठी द्यावी: अपघात किती वाजता झाला, दात किती वेळ कोरडा राहिला, कशात ठेवला, मूल बेशुद्ध झाले होते काय, धनुर्वाताची लस केव्हा टोचली. दंतवैद्यास या पाच ओळींचा फार उपयोग होतो.

हे सारे मुलांनाही एकदा वर्गात समजावून सांगावे. अपघाताच्या वेळी गुरुजी नेहमीच जवळ असतील असे नाही. “दात मातीतून उचल, मुळाला हात लावू नको, दुधात टाक,” एवढे एखाद्या चौथीतल्या मुलीस पाठ असले, तरी तिच्या भावाचा दात वाचू शकेल.